रेड स्कलला हिटलरपासून सोडवू नका

कॅप्टन अमेरिका या कॉमिक्समधल्या हीरोचा नाझी शत्रू म्हणजे रेड स्कल. त्याची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं: हा हिटलरपेक्षाही भयंकर. म्हणतात ते कौतुकानेच. व्हिलन मोठा दाखवायचा तर त्याच्या साहेबापेक्षा मोठा दाखवावा, असा हिशोब असतो. मला ते वाक्य ऐकलं की चीड येते, आणि ती का येते हे भाच्याला समजावताना माझी दमछाक झाली. (तो थॅनॉसवाला आहे, म्हणजे मार्व्हलच्या सिनेमांतल्या त्या महाव्हिलनचा चाहता. ज्याने चुटकीसरशी अर्धं विश्व उडवलं, त्याच्यापुढे हा लाल तोंडाचा म्हातारा कोण लागून गेला, असं त्याचं म्हणणं.) म्हणून एकदाचं नीट लिहून काढते.

कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय, पण तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्येच. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, पर्ल हार्बरला जवळजवळ वर्ष होतं. कॅप्टन अमेरिकाला जन्म देणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू घरांतले. मुखपृष्ठावर त्यांचा हीरो हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. सायमनने पुढे सांगितलंय की त्यांचा आधी व्हिलन ठरला, हीरो नंतर. आणि तो व्हिलन रोज पेपरात दिसतच होता. रेड स्कल ही त्या व्हिलनच्या हाताखालची भरती. सायमनच्याच सांगण्याप्रमाणे ती कल्पना आली आइस्क्रीम संडेवरून. वरून ओघळणारं गरम चॉकलेट आणि माथ्यावर लाल चेरी बघून त्याला म्हणे कवटी दिसली. कलावंतांच्या या गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, मला तरी ही आवडते.

अंकाची किंमत दहा सेंट, खप दहा लाखांच्या घरात. पाठोपाठ धमक्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्याच नाझीधार्जिण्यांची पत्रं, फोन, ऑफिसच्या आसपास घुटमळणारी माणसं. शेवटी पोलीस बंदोबस्त लागला आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला. याच शहरात फेब्रुवारी १९३९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जर्मन अमेरिकन बुंद या नाझीधार्जिण्या संघटनेचा मेळावा भरला होता. वीस हजारांच्या वर माणसं, व्यासपीठावर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र आणि त्याच्या आजूबाजूला स्वस्तिकं.

हे डोक्यात ठेवून त्या अंकातली रेड स्कलची गोष्ट वाचा. लष्करी अधिकाऱ्यांचे खून पडतायत. मारेकऱ्याच्या तोंडावर लाल कवटीचा मुखवटा. शेवटी मुखवटा निघतो तेव्हा आत जर्मन माणूस नसतो. असतो जॉर्ज मॅक्सन, अस्सल अमेरिकन, विमानांच्या कंपनीचा मालक. लष्करात त्याची ऊठबस. हिटलरने त्याला कबूल केलेलं असतं की अमेरिका पडली की तिथल्या सगळ्या उद्योगांचा मंत्री तू. म्हणजे बघा, जग नको, विश्व नको, काळाच्या पलीकडलं काही नको. एक खातं हवंय! त्यासाठी तो माणसं मारतोय, आणि ज्या देशाला विमानं विकायची तोच देश विकायला काढलाय. माझ्या मते रेड स्कलचा हा सगळ्यात धारदार अवतार, आणि नेमका तोच लोकांना ठाऊक नसतो.

या गोष्टीचा शेवटही बघण्यासारखा आहे. झटापटीत मॅक्सन आपल्याच विषारी सुईवर लोळतो. बकी, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा, आपल्या कॅपचा, पोरगेला साथीदार, ते बघत असतो आणि अडवत नाही. का अडवलं नाहीस, असं कॅप विचारतो, तर पोरगं काही बोलायलाच तयार नाही. मुलांसाठीच्या दहा सेंटच्या कॉमिकमध्ये ही चौकट! तिसऱ्या अंकात मॅक्सन परत आला ती गोष्ट वेगळी. या धंद्यात मरण कुणी फारसं मनावर घेत नाही.

पुढची काही वर्षं मी भराभर उलटते. युद्ध संपलं आणि कॅपचा खप ओसरला. १९४९ च्या एका अंकात तर कॅप आणि स्कल चक्क नरकात मारामारी करतात. पन्नाशीच्या दशकात स्कल कम्युनिस्टांच्या कामाला लागला. नोकरी बदलली, मुखवटा तोच. नंतर खुलासा आला की तो स्कल मुळात वेगळाच माणूस होता.

मग १९६५. आता लिहायला स्टॅन ली, आणि चित्रं पुन्हा कर्बीची. मधल्या काळात कर्बी ते युद्ध स्वतः करून आला होता. १९४३ मध्ये सैन्यात भरती, १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीला उतरला, थंडीने पाय इतके बिघडले की इस्पितळात पडला. त्याच्या हातून आता रेड स्कलची जन्मकथा उतरते, ती अशी. एका हॉटेलात हिटलर आपल्या अधिकाऱ्याला झापतोय. खोलीत सामान-सरबराई करणारा एक पोऱ्या आलाय. रागाच्या भरात हिटलर त्या पोऱ्याकडे बोट करतो: तुझ्यापेक्षा या पोराला मी चांगला नाझी बनवून दाखवीन. बोलून गेल्यावर तो पोराकडे नीट बघतो, आणि त्या डोळ्यांत त्याला स्वतःचाच द्वेष दिसतो. पोराला तालमीला पाठवतात. अधिकारी त्याला कवायतीत घटवून नेहमीसारखा एक सैनिक तयार करतात. ते बघून हिटलर आणखी भडकतो आणि शिकवणी स्वतःकडे घेतो. शेवटी गणवेश आणि मुखवटा. मॅक्सन हा मग या खऱ्या स्कलचा नुसता हस्तक ठरतो.

ही गोष्ट वाचताना मी त्या पोऱ्यापाशीच थांबते. तोवर त्या खोलीत त्याच्याकडे कुणी पाहिलेलंही नाही. त्याच्या अंगी काही खास आहे असं कथा म्हणत नाही. उलट, कुणालाही घडवता येतं ही फुशारकी मिरवायलाच हिटलरने त्याला उचललंय. हा सत्तेचा भुकेला आहे हे खरं, पण ती भूक त्याला वाढलीय कुणी? पुढे हिटलरलाच त्याची धास्ती वाटायला लागते असंही त्या कथांत येतं, आणि ‘हिटलरपेक्षा भयंकर’चं बी तिथलंच. फक्त तिथे निदान गुरू कोण हे कुणी विसरत नाही.

१९६६ मध्ये त्याच्या हाती कॉस्मिक क्यूब लागतो. मनात आणाल ते प्रत्यक्षात येईल, असा ठोकळा. आता याला काय सुचावं? स्वतःसाठी सोन्याचं चिलखत. आणि कॅपने गुडघे टेकावेत. बस! विश्वाच्या किल्ल्या हातात आणि कल्पनाशक्ती त्या हॉटेलातल्या पोऱ्याचीच: आपल्याला कुणीतरी लवून सलाम करावा. कॅप हे बरोबर ओळखतो. शरण आल्याचं नाटक करून, तुझा चाकर होतो म्हणत जवळ जातो आणि क्यूबवर झडप घालतो. क्यूब समुद्रात पडतो, स्कल त्याच्यामागे, आणि ते सोन्याचं चिलखत त्याला खाली ओढतं. भाचा म्हणाला, “मावशी, हा तर मूर्ख निघाला.” निघाला खरा. सत्तेच्या भुकेवर मी जे थोडंफार वाचलंय, त्यात हा मूर्खपणा मला सगळ्यात खरा वाटतो.

आता २०११ चा कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा. ह्यूगो वीव्हिंगने स्कलचं काम झकास केलंय. त्यातलं मुखवट्याचं उलटंपालटं मला फार आवडलं: इथे नेहमीचा माणसाचा चेहरा हाच मुखवटा, आणि तो सोलला की आत लाल कवटी. एक चित्रकार त्याचं चित्र काढत असतो, बिचाऱ्याच्या रंगाच्या पाटीवर लालच लाल. पण खटकतं ते पुढचं. नाझी अधिकारी पाहणीला येतात, हल्ल्याच्या नकाशात बर्लिनही आहे हे त्यांच्या लक्षात येतं, आणि स्कल त्यांची जागच्या जागी वाफ करतो. थिएटरात टाळ्या पडाव्यात असाच प्रसंग. पण त्या क्षणापासून तो नाझी उरत नाही, हायड्राचा, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या संघटनेचा होतो. स्वस्तिकाच्या जागी ऑक्टोपस आला की सगळ्यांची सोय होते. खेळणी विकता येतात, कुणाचं मन दुखत नाही, आणि दुसरं महायुद्ध म्हणजे निळ्या किरणांच्या बंदुका. ज्यांच्याविरुद्ध हे पात्र जन्माला आलं तेच या कथेत त्याचे बळी होऊन बसतात!

२०१८ च्या थॅनॉसच्या सिनेमात तो व्होरमिर ग्रहावर दिसतो. काळा अंगरखा, येणाऱ्याला अफाट ताकदीच्या एका मण्याची वाट दाखवायची, स्वतः मात्र हात लावता येत नाही. भाच्याला ही शिक्षा फार काव्यात्म वाटते. असेल. मला तो तिथे पाटीसारखा उभा दिसतो. त्याच्या जागी कुणीही चाललं असतं.

मला हवी असलेली शिक्षा १९९० च्या एका अंकात आहे. मार्क ग्रुएनवाल्डचं लेखन. तोवर स्कल कॅपच्या पेशींतून वाढवलेल्या शरीरात राहायला गेलाय, म्हणजे शत्रूचंच तरणंताठं अंग त्याला मिळालंय. (आणि आपल्याच विषारी भुकटीने त्याच्या तोंडाची खरोखरची लाल कवटीही झालीय. आपलंच विष अंगावर उलटण्याची खोड याला मॅक्सनपासूनची.) मोठमोठ्या व्हिलन मंडळींची एक युती झालेली असते, आणि तिच्यात एक्स-मेनच्या कथांतला मॅग्निटो असतो. मॅग्निटो काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण तो छळछावणीतून वाचलेला ज्यू आहे. त्याला एवढंच जाणून घ्यायचंय: तू तोच का, हिटलरबरोबर होता तो? की मुखवटा घातलेला दुसरा कुणी?

उत्तर मिळाल्यावर तो स्कलला मारत नाही. जमिनीखालच्या एका बंद कोठडीत नुसतं पाणी ठेवून त्याला तिथे सोडून जातो. वर येण्याची वाट नाही, दिवा नाही, ज्याच्यावर हुकूम चालवावा असं माणूस नाही. विश्व, क्यूब, मणी यांचा तिथे काही संबंधच नाही. १९४० च्या दशकात काय केलंस, एवढाच हिशोब.

भाच्याने तो अंक एका बैठकीत वाचला आणि विचारलं, “मग हे कॅपने का नाही केलं इतक्या वर्षांत?” म्हटलं, कॅपच्या हातात बेड्या असतात, मॅग्निटोच्या हातात नव्हत्या. आणि फार हरखून जाऊ नकोस, पुढच्या दोनचार अंकांतच स्कलच्या माणसांनी त्याला शोधून बाहेर काढला. मासिक दर महिन्याला काढायचं असतं रे बाबा.