टर्मिनलच्या घरांत राजहंसगड

जांबोटीच्या रानात रेंजची एकच काडी. सर्व्हरवर शेकडो फोटो पडलेत आणि त्यातला नेमका कुठला हवाय ते ठरवायचंय. प्रत्येक फोटो उतरवत बसू नका. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड द्यायची सोय) चालू असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, तिथल्या तिथे फोटो अक्षरांत बघता येतो. प्रोग्रॅमचं नाव चाफा (फुलाशी संबंध नाही, पण आपल्याला विसरायला होत नाही). सर्व्हरवर उबुंटू असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल चाफा’. मग ‘चाफा’ आणि पुढे फाइलचं नाव.

पण वजनाचा हिशेब आधी करा. ८० बाय २४ च्या पडद्यावर १९२० घरं, एका घरात एक अक्षर. नुसती आस्की अक्षरं (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) असतील तर घरामागे एक बाइट, म्हणजे जेमतेम २ केबी. पूर्ण रंगात अक्षराचा आणि पाठीमागचा असे दोन रंग सांगावे लागतात. त्या संकेताचे घरामागे जास्तीत जास्त ३६ बाइट, वर चौकोनी चिन्हाचे ३. सगळे मिळून ७५ केबीपर्यंत जातं. तेवढ्यात लहानसा जेपीजीच उतरला असता की! २५६ रंगांवर हाच आकडा ४४ केबीच्या आसपास. म्हणून आधी चाफाच्या ‘सिम्बॉल्स’ या पर्यायाला ‘आस्की’ आणि ‘कलर्स’ला ‘नन’ द्या. ओळख पटली नाही तरच रंग चढवा.

ओळख पटणं फोटोवरही आहे. राजहंसगडाचा बुरूज उजळ आभाळावर उभा असला की आस्कीतसुद्धा कळतो. पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा मात्र फसतो: गढूळ पाणी आणि कातळ यांचा उजेड जवळपास सारखाच, रंग काढला की दोन्ही एकच पिठलं. तिथे २५६ रंग घ्याच.

माणसं उभट दिसतायत? टर्मिनलचं घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं आणि चाफा तेच गृहीत धरतो. ओळींमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ‘फॉन्ट रेशो’ ०.५ वरून ०.४५ करून बघा. पांढऱ्या पडद्यावर चित्र निगेटिव्हसारखं आलं तर ‘इन्व्हर्ट’. नुसती प्रश्नचिन्हं किंवा कचरा आला तर सर्व्हरची ‘लँग’ (भाषेची) सेटिंग बघा, ती यूटीएफ-८ या अक्षर-संकेताची हवी. आणि टर्मिनल सिक्सेल (टर्मिनलमध्ये खरं चित्र दाखवायची पद्धत) जाणणारं असेल तर चाफा अक्षरं सोडून सरळ चित्रच पाठवतो. ‘फॉरमॅट’ला ‘सिम्बॉल्स’ सांगून त्याला अडवा.

चिन्हं म्हणून क, ख, ग वापरायची हौस कुणालाही येईल. पण काना-मात्रा, जोडाक्षरं ठरलेल्या घरात बसत नाहीत, ओळी सरकतात. कन्नड लिपीचंही तेच. फोटोतल्या दुकानाची पाटी, मराठी असो की कन्नड, ८० घरांत वाचता येणार नाही. तेवढा तुकडा सर्व्हरवरच इमेजमॅजिकने (चित्रं कापायचा-बदलायचा प्रोग्रॅम) कापा आणि मग तोच चाफाला द्या.