पांढरंफटक लॅटिन

लॅटिन शिकायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. थंडीत पहाटे उठून पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठी पक्षी बघायला जायला लागलो, वहीत डावीकडे मराठी नाव आणि उजवीकडे शास्त्रीय नाव लिहायची सवय लावून घेतली, आणि दोन हिवाळ्यांत उजवी बाजू आपोआप पाठ झाली. पांढरा धोबी म्हणजे मोटॅसिला अल्बा, पिवळा धोबी मोटॅसिला फ्लाव्हा, करडा धोबी मोटॅसिला सिनेरिया. धोब्यांनीच मला पहिले तीन रंग शिकवले. सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची, म्हणून आपला राखी बगळासुद्धा आर्डिया सिनेरिया. (उच्चार पुणेरी आहेत, रोमनांनी चालवून घ्यावेत.)

व्याकरणाची धास्ती होती, ती पहिल्याच आठवड्यात गेली. अल्बस, अल्बा, अल्बम. पांढरा, पांढरी, पांढरं. तीन लिंगं, तीन शेपट्या. हिंदीवाल्या मित्राला 'ते टेबल' आणि 'ती खुर्ची' समजावताना जी दमछाक होते, ती इथे मला स्वतःवर काढावी लागली नाही. लग्नाचा अल्बम हाही त्यातलाच, मुळात नपुंसकलिंगी 'पांढरं'. रोममध्ये पांढरा रंग फासलेल्या फळ्यावर सरकारी हुकूम नि याद्या लिहून लावत. तो फळा म्हणजे अल्बम.

अडलं ते पुढे. पांढऱ्याला लॅटिनमध्ये दोन शब्द: अल्बस आणि कँडिडस. काळ्यालाही दोन: आटेर आणि निगेर. पुस्तकात खुलासा होता, की जोडीतला पहिला निस्तेज आणि दुसरा चमकणारा. वाचलं, समजलं, विसरलो. असं चार वेळा झालं.

एका रविवारी आई गॅलरीत पांढऱ्या कपड्यांना नीळ देत होती. मी शेजारी स्टुलावर बसून घोकत होतो.

"काय पुटपुटतोयस मघापासून?"

"अगं, त्यांच्यात पांढऱ्याला दोन शब्द आहेत. एक नुसता पांढरा, विझलेला. दुसरा लखलखणारा."

"मग आपल्यात नाहीत का? आजारी माणसाचं तोंड पांढरंफटक पडतं. त्याला काय शुभ्र म्हणशील?"

आणि तिने माझं बनियन माझ्याच अंगावर पाणी उडेल असं झटकलं.

त्यानंतर मी तो फरक कधी विसरलो नाही. पुढे वाचताना तर उडालोच. व्हर्जिल या रोमन कवीने शेतीवरच्या काव्यात चांगल्या घोड्याची लक्षणं सांगताना पांढरा, म्हणजे अल्बस, रंग वाईटातला ठरवलाय. त्यावर भाष्य लिहिणारा सर्व्हियस नावाचा व्याकरणकार बजावतो, की कँडिडस असणं वेगळं, त्यात एक झळाळणारा उजेड भिनलेला असतो, आणि अल्बस वेगळं, ते फिकटपणाच्या शेजारचं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला 'पांढराफटक' हा शब्द सापडला असता तर त्याची एक अख्खी ओळ वाचली असती.

काळ्याचंही तेच. चुलीच्या धुराने भिंत होते ती काळीकुट्ट. ती आटेर. पाण्यातून नुकत्याच निघालेल्या म्हशीची पाठ काळी कुळकुळीत. ती निगेर. रोमनांच्या पंचांगात प्रत्येक महिन्याचे तीन ठरलेले दिवस असत, आणि त्यांच्या दुसऱ्या दिवसाला ते 'आटेर' म्हणत. त्या दिवशी नवं काम सुरू करायचं नाही. लॅटिनने हे सगळं मूळ शब्दातच भरून ठेवलंय, आपण ते शेपटीला बांधतो: फटक, शुभ्र, कुट्ट, कुळकुळीत, भडक, धमक, गार, शार. आणि या शेपट्यांची अदलाबदल चालत नाही. पिवळा धमकच असतो, निळा शारच. 'हिरवाधमक' म्हणून बघा, समोरचा तुम्हाला बाहेरगावचा समजेल.

कँडिडसचं पोर मात्र आपल्याकडे दर पाच वर्षांनी घरी येतं. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूने घासून लखलखीत करून चौकात हिंडायचा, म्हणून तो कँडिडाटस, इंग्रजीतला कँडिडेट. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की इ.स.पू. 432 मध्ये उमेदवारीसाठी कपड्याला असा पांढरा रंग चढवायला बंदी करणारा कायदा झाला होता. उपयोग काय झाला ते शब्दावरूनच दिसतं. आमच्या गल्लीत प्रचाराला येणाऱ्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांकडे मी आता 'खडू की नीळ' एवढ्याच कुतूहलाने बघतो.

ही शास्त्रीय नावं ठेवणाऱ्या लिनियसवर माझा थोडा राग आहे. 1758 साली त्याने मोठ्या बगळ्याला आर्डिया अल्बा म्हटलं. सकाळच्या उन्हात, काळ्या गाळात उभा असलेला तो बगळा एकदा बघा आणि मग सांगा, तो फटक आहे का? कँडिडा म्हणायला हवं होतं. नदीचं पाणी, त्यावरचा फेस, वाहत आलेल्या पिशव्या, आणि मधोमध हा, एक थेंब न उडालेला.

जांभळ्याची गंमत आणखी वेगळी. होरेस या रोमन कवीने प्रेमदेवतेच्या हंसांना पर्प्युरियस, म्हणजे जांभळे, म्हटलंय. जांभळे हंस? मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ते प्लिनी या रोमन लेखकाने पुसलं. टायर नावाच्या प्राचीन बंदरातल्या प्रसिद्ध जांभळ्याबद्दल तो म्हणतो, की उत्तम रंग साकळलेल्या रक्तासारखा हवा, समोरून काळपट आणि तिरपा धरला की चमकणारा. म्हणजे शब्दात रंगाइतकीच चमक होती, आणि हंसांच्या वाट्याला नुसती चमक आली. पैठणीचा पदर हातात घेऊन दुकानदार तो उजेडात कलता करतो ना, तसं. हा रंग समुद्री गोगलगायींपासून निघे. 1909 मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 12,000 गोगलगायी खर्ची घातल्या तेव्हा त्याच्या हाती 1.4 ग्रॅम रंग लागला. आपला जांभळा झाडाखाली फुकट पडलेला असतो, आणि तोही पायाला चिकटतो.

त्या मानाने तपकिरी आपल्याकडे अगदी अलीकडचा असणार. तपकीर तंबाखूची, आणि तंबाखू आली पोर्तुगीजांच्या मागून. त्याआधी आपण या रंगाला काय म्हणत होतो, याचा विचार करत मी एकदा कात्रजपर्यंत जाऊन पोचलो. उतरायचं होतं स्वारगेटला.

शब्द कमी की रंग जास्त, हा वाद रोमनांतही झाला होता. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो लिहून ठेवलाय. फ्रोंटो नावाचा वक्ता पाय दुखत असल्यामुळे घरी पडून आहे, फेव्होरिनस हा तत्त्वज्ञ भेटायला आलाय, आणि बोलता बोलता म्हणतो, की डोळ्यांना दिसतात त्या मानाने भाषेत रंगांची नावं फारच थोडी. फ्रोंटो पडल्या पडल्या लालसर छटांचे सात शब्द मोजून दाखवतो. आजाऱ्याला भेटायला जाऊन रंगांवर वाद घालणारी माणसं मला आवडतात.

शब्द पुष्कळ असले तरी ते जागेवर राहतात असं नाही. चक्रवाकाचं नाव टाडोर्ना फेरुजिनिया, गंजाच्या रंगाची. आमच्या नदीवरचा चक्रवाक उन्हात केशरी दिसतो. पण व्हर्जिल मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याची होडी आधी फेरुजिनिया म्हणतो आणि शंभरेक ओळींनंतर तीच होडी सेरुलिया, म्हणजे निळी. गंजकी आणि निळी एकच कशी? दोन्हींत अंधार आहे, एवढंच मला लागलं.

या सेरुलियसनेच गेल्या महिन्यात घोळ घातला. आईला प्रथमच बरोबर नेलं होतं. परतताना शेताकडेच्या तारेवर कापशी घार बसली होती. मी शिकवण्याच्या सुरात म्हटलं, "हिचं शास्त्रीय नाव एलानस सेरुलियस. निळी."

"निळी?" आईने दुर्बीण उलटी-सुलटी करून अखेर डोळ्याला लावली. "चांगली कापसासारखी तर आहे. नाव ठेवणाऱ्याला मोतीबिंदू होता का?"

घारीने मान वळवली, लाल डोळा आमच्यावर रोखला आणि पाठ फिरवली. ऊन त्या पाठीवर पडलं.

"थांब थांब," आई म्हणाली. "नीळ जरा जास्त झालीय."