पटकथा कुठे शिकू? तुम्ही विचारलंत म्हणून

‘पुण्यात पटकथेची चांगली कार्यशाळा कुठली?’ असं मला सारखं कुणी ना कुणी विचारत असतं. कधी आयटीतली मुलगी, कधी बँकेतून निवृत्त झालेले काका. दोघांच्याही मोबाइलवर एक पोस्टर तयार असतं आणि त्यावर एखादा ओळखीचा दिग्दर्शक हसत असतो. मी पोस्टर न बघताच विचारते, तिथे तुमच्या पटकथेची पानं वाचणार आहेत का?

यावर चेहरे पडतात, कारण बहुतेकांनी पानं अजून लिहिलेलीच नसतात.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचा साचा आता पाठ झालाय. फळ्यावर गोष्टीच्या सुरुवात-मध्य-शेवट अशा तीन अंकांची आकृती, शूटिंगचे किस्से, चहा-बिस्किटं, शेवटी ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र. किस्से झकास असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण निर्माता प्रमाणपत्र बघत नाही, ड्राफ्ट मागतो.

पानं वाचली जातात तिथे काय होतं, ते सांगते. एका वर्गात एका काकांनी सीन आणला होता. एकटा बाप, मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेलेला, पंधरा दिवसांत परत येतो म्हणून सांगून. शेवटची ओळ अशी : ‘वसंतरावांना कळून चुकतं की मुलगा आता येणार नाही.’ शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘कळून चुकलं, हे मला थिएटरात बसून कसं दिसणार?’

‘चेहऱ्यावर दिसेल ना.’

‘ते नट बघेल. तुम्ही काय लिहिलंत?’

मग बराच खल झाला. कुणी भिंतीवरचा फोटो पाडला, कुणी पाऊस आणला (आपल्याकडे सीन अडला की पाऊस पडतोच). शेवटी काकाच म्हणाले, ‘सकाळी दूधवाला येतो. वसंतराव त्याला सांगतात, उद्यापासून अर्धाच लिटर टाक.’

‘दूधवाला काय म्हणतो?’

‘का हो, गावाला चाललात?’

‘आणि वसंतराव?’

काका जरा थांबले. ‘हो म्हणतात.’

माझ्या मते त्या एका ‘हो’त सगळ्यांची फी वसूल झाली. हे काकांना घरबसल्या सुचलं नसतं असं नाही. पण चार माणसांसमोर ओळ मोठ्याने वाचली गेली, अडली, म्हणून सुचलं. कार्यशाळेला जायचं ते यासाठी. पोस्टरवरचं नाव मोठं असो की अनोळखी, किती जणांची बॅच आहे आणि प्रत्येकाचं लिखाण वाचायला वेळ ठेवलाय का, एवढं आयोजकांना फोन करून विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा.

त्या पैशांत पुण्यात सिनेमे बघता येतात. १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर आहे, तिथले खेळ बरेचदा मोफत असतात. जवळच प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत एफटीआयआय ही सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. त्यांचे लघु अभ्यासक्रम आणि रसास्वाद वर्ग यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. रसास्वाद वर्गात लिहायला शिकवत नाहीत, बघायला शिकवतात. आधी तेच करावं, असं माझं मत.

२००२ पासून भरणारा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, साधारण जानेवारीत असतो. तिथे दिवसाला पाच-पाच सिनेमे उरकणारी मंडळी भेटतात. मला ते झेपत नाही आणि त्याचा लिहिणाऱ्याला उपयोगही नाही. दोनच बघा, पण नंतरच्या प्रश्नोत्तरांना थांबा. तिथेही सगळे दिग्दर्शकालाच विचारतात. लेखक मंचावर असलाच तर कडेला पाण्याची बाटली धरून उभा. पिफमधला मराठीचा पुरस्कार ‘संत तुकाराम’च्या नावाने दिला जातो. प्रभातचा हा १९३६ चा सिनेमा व्हेनिसला गौरवला गेला, दामले-फत्तेलाल ही दिग्दर्शकांची जोडी आपल्याला तोंडपाठ आहे. तो लिहिला शिवराम वाशीकरांनी. हे नाव किती जणांना आठवतं? या धंद्यात यायचं तर एवढं ठाऊक असू द्या.

फॉरमॅटची चिंता फार करू नका. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब ठरावीक साच्यात टाइप केलेल्या पानाचा. आपल्याकडे कागदाला मधोमध घडी घालून डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद लिहिणारेही आहेत आणि त्यांचे सिनेमे झालेले आहेत. सॉफ्टवेअर दोन संध्याकाळींत येतं. एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) २००७ पासूनची पटकथा लॅब, म्हणजे निवडक लेखकांची कार्यशाळा, वगैरे पुढची पायरी. तिथे निवड होते ती तुम्ही पाठवलेल्या लिखाणावर.

यानंतरचा प्रश्नही ठरलेला : ‘पण वर्गात वाचली आणि कुणी माझी कल्पना ढापली तर?’ नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. ती ज्या तऱ्हेने मांडली, त्या मांडणीवर असतो. म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा, लिखाणाची ऑनलाइन नोंदणी करा आणि मगच कुणाला वाचायला द्या. फक्त नोंदणीच्या वेळी लिहिलेली फाइल जोडावी लागते. ‘गोष्ट डोक्यात पूर्ण तयार आहे’ असं म्हणून तिथे भागत नाही.