मग पवनचक्कीत का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पनवेलची आत्या फोनवर विचारते, "तिकडचं सरकार तेल बंद करतंय म्हणे, मग तुझं काय?" इथे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला, ब्रिटनच्या तेल-शहरात, टॅक्सीवाला विचारतो, कारण त्याचं अर्धं गिऱ्हाईक समुद्रातल्या तेलाच्या कामावर ये-जा करणारं, हेलिपोर्टवरचं. आणि दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: एवढ्या पवनचक्क्या उभ्या राहतायत समुद्रात, तुम्ही लोक सरळ तिकडे का जात नाही?

माझं काम समुद्रतळावरच्या पाइपलाइनी तपासण्याचं. आरओव्ही, म्हणजे दोरीला बांधलेलं पाणबुडं यंत्र, खाली सोडायचं आणि गंज, भेगा, पाइपाखालून वाहून गेलेली वाळू बघायची. त्या यंत्राला खाली पाइप आहे की पवनचक्कीची केबल, याचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे मी अर्धामुर्धा तिकडे गेलोच आहे. पण माझ्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका. ड्रिलर, डेरिकमन, प्लॅटफॉर्मवरचा प्रोसेस ऑपरेटर यांच्या कामाला पवनचक्कीवर जोडच नाही. आणि वेल्डर, इलेक्ट्रिशियन, स्कॅफोल्डर यांना काम येतं, पण ते काम अजून पुरेसं जन्मालाच आलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सरकारने तेलाच्या नव्या शोधाचे परवाने थांबवले म्हणून उत्तर समुद्रातलं तेल संपत चाललंय, असं नाही. ब्रिटनचं उत्पादन 1999 मध्ये शिखरावर होतं, दिवसाला तेल आणि गॅस मिळून साधारण 45 लाख बॅरलइतकं. आज त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरलंय. मधल्या काळात दोन्ही पक्षांची सरकारं आली, परवाने वाटले, सवलती दिल्या, तरी उतार थांबला नाही. जमिनीखालचा साठा मतदान करत नाही. त्यामुळे "परवाने द्या, सगळं पूर्ववत होईल" असं कोणी पबमध्ये सांगायला लागलं की मी ग्लास घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो.

माझी तक्रार वेगळी आहे. उतरण दिसत होती, वीस वर्षं दिसत होती. पलीकडचा चढ वेळेत बांधायचं काम सरकारचं होतं.

कागदावर ते केलंही. मार्च 2021 मध्ये सरकार आणि तेल उद्योग यांच्यात नॉर्थ सी ट्रान्झिशन डील झालं. तेल काढताना होणारं उत्सर्जन 2018 च्या तुलनेत 2025 पर्यंत 10 टक्के, 2027 पर्यंत 25 टक्के आणि 2030 पर्यंत निम्म्याने कमी करायचं. 2030 पर्यंत 16 अब्ज पौंडांपर्यंत गुंतवणूक, 40,000 नोकऱ्यांना आधार. पुढच्या वर्षी नियामक संस्थेचं नावही बदललं. ऑइल अँड गॅस ऑथॉरिटीची नॉर्थ सी ट्रान्झिशन ऑथॉरिटी झाली. पाट्या बदलायचं काम इथेही आपल्यासारखंच वेळेत होतं.

यातला निम्म्याने कमी करण्याचा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण खरी तांत्रिक अडचण तिथे आहे. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रातलं छोटं गाव, आणि त्याची वीज तिथल्याच गॅसवर चालणाऱ्या टर्बाइनमधून येते. फ्लेअर, म्हणजे जादा गॅस नुसता जाळून टाकणं, कमी करा, गळत्या बुजवा, थोडा फरक पडतो. मोठा फरक हवा तर बाहेरून स्वच्छ वीज आणायला हवी. नॉर्वेने ट्रोल ए प्लॅटफॉर्मला किनाऱ्यावरून वीज दिली ती 1996 मध्ये. पुढे हायविंड टॅम्पेन या तरंगत्या पवनचक्क्यांची वीज स्नोरे आणि गुलफाक्स या तेलक्षेत्रांना जोडली. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरापासून लांब समुद्रात ग्रीन व्होल्ट नावाचा असाच प्रकल्प ठरला आहे आणि 2024 मध्ये त्याला सरकारी हमीभावही मिळाला. पण इथे एक त्रांगडं आहे. पाच-दहा वर्षांत बंद होणाऱ्या प्लॅटफॉर्मवर केबल आणि नव्या विद्युत यंत्रणेचा खर्च कोण करणार? हिशेब बसत नाही, निर्णय पुढे ढकलला जातो, आणि दरम्यान उत्सर्जन कमी झाल्याचे जे आकडे मिरवले जातात त्यात बंद पडलेल्या प्लॅटफॉर्मचाही वाटा असतो.

मग आला कर. युक्रेन युद्धाने गॅसचे भाव भडकले, तेव्हा मे 2022 मध्ये तेल कंपन्यांच्या नफ्यावर 25 टक्के जादा कर बसला. तो 35 झाला, मग नोव्हेंबर 2024 पासून 38, म्हणजे आधीपासूनचे कर धरून एकूण दर 78 टक्के. नॉर्वेतही दर 78 टक्केच आहे, हे इथे आरडाओरडा करणारे सांगत नाहीत. फरक असा, की तिथे गुंतवणुकीचा खर्च लगेच वजा होतो आणि नियम दर अर्थसंकल्पात पालटत नाहीत. इथे अडीच वर्षांत दर, मुदत, सवलत, सगळं फिरलं.

मला त्याहून खटकलेली गोष्ट दुसरीच. सुरुवातीला या करात तेल-गॅसमध्ये नव्याने पैसा घालणाऱ्याला घसघशीत सूट होती. जानेवारी 2023 पासून वीजनिर्मितीवर 45 टक्क्यांचा जादा कर लागला, त्यात पवनचक्क्याही आल्या, आणि त्यांना तशी सूट सुरुवातीला नव्हती. तेव्हाचं हुजूर पक्षाचं हेच सरकार त्याच वर्षी पवन ऊर्जेत जगात पुढे असल्याची भाषणं ठोकत होतं. सप्टेंबर 2023 च्या हमीभावाच्या सरकारी लिलावात समुद्री पवन ऊर्जेला एकही बोली आली नाही. पोलाद महागलेलं, व्याज वाढलेलं आणि सरकारने ठरवलेला कमाल भाव जुन्याच हिशेबाचा. बोली लावणार कोण?

आता मजूर पक्षाचं सरकार आहे. नव्या शोधासाठी परवाने नाहीत. नोव्हेंबर 2025 च्या आराखड्यात, चालू क्षेत्रांना जोडून असलेलं तेल काढायची मुभा ठेवली. ग्रेट ब्रिटिश एनर्जी ही सरकारी कंपनी ॲबर्डीनलाच आली, 8.3 अब्ज पौंडांच्या आश्वासनासह. मुख्यालयात हजार नोकऱ्या होतील म्हणाले, आणि मग तिच्याच अध्यक्षांनी सांगितलं की त्याला वीस वर्षंही लागू शकतील. हे ऐकून आमच्या कँटीनमध्ये कोणी चिडलंसुद्धा नाही.

मुंबईकरांना एका वाक्यात कळेल असं सांगतो: चाळ रिकामी करून घेतली, नव्या इमारतीचा पाया खणायचाय, आणि ट्रान्झिट भाड्याबद्दल कोणी बोलत नाही.

काम कुठे गेलं, हेही बघा. स्कॉटलंडमधल्या अँगसच्या किनाऱ्यासमोर सीग्रीन प्रकल्पाच्या 114 पवनचक्क्या 2023 मध्ये पूर्ण सुरू झाल्या. त्यांचे पोलादी पाये तयार झाले अमिरातीत आणि चीनमध्ये. इकडे फाइफमधल्या मेथिलच्या यार्डात तेलाचे प्लॅटफॉर्म बांधलेले हात होते, आणि ते यार्ड चालवणारी बायफॅब कंपनी 2020 च्या अखेरीस बुडीत निघाली. किनाऱ्यावरून पाती फिरताना दिसतात, पगार दिसत नाही. उभारणी झाली की पवनचक्कीला माणसं लागतात थोडी. प्लॅटफॉर्मला चोवीस तास लागतात.

आणि सर्टिफिकेटं! इथे मात्र दोष पूर्णपणे माणसांचा आहे, भूगर्भाचा नाही. 1988 मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या दुर्घटनेत 167 माणसं गेली, तेव्हापासून तेलाच्या बाजूचं सुरक्षा प्रशिक्षण कडक आहे आणि असायलाच हवं. पवन ऊर्जेची बाजू वेगळी वाढली, तिने स्वतःचे कोर्स काढले. परिणाम असा, की वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने समुद्रात जाणाऱ्या माणसाला पवनचक्कीवर जायचं तर पुन्हा समुद्रात जीव वाचवायला शिकायचं, पुन्हा उंचीवर चढायला शिकायचं, आणि अनेकदा स्वतःच्या खिशातून. दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं जुळवणारा स्किल्स पासपोर्ट निघाला जानेवारी 2025 मध्ये. एक वेबसाइट. डील झालं 2021 ला.

म्हणून माणसं पवनचक्कीत जाण्याऐवजी आखातात जातात, गयानाला जातात. तिथे त्यांच्या हातातलं काम आज आहे. त्यांना दोष द्यायची माझी तयारी नाही.

उरणची मंडळी मला यावर म्हणतात, ते तुमचं विलायतेचं. तसं नाही हो. मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या क्षेत्रांच्याच वयाचं. ओएनजीसीने स्वतःचं निव्वळ उत्सर्जन 2038 पर्यंत शून्यावर आणायचं ठरवलंय. केंद्राने 2024 मध्ये समुद्री पवन ऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली: 500 मेगावॅट गुजरातला, 500 तमिळनाडूला. महाराष्ट्राच्या वाट्याला यात काही नाही, आणि भारताच्या समुद्रात अजून एकही पवनचक्की फिरत नाही. म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. मुंबई हायवर काम केलेल्या फिटरचं सुरक्षा प्रमाणपत्र गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्कीवर जसंच्या तसं चालेल का, हा प्रश्न तिथला पहिला खांब रोवायच्या आधी सोडवता येतो. त्याला अब्ज पौंड लागत नाहीत. दोन खात्यांची माणसं एका टेबलावर बसवली तरी पुरे.