कुणाकडे जायचंय?

गोव्यात पेडण्याकडच्या एका किनाऱ्यावर उतरताना रखवालदाराने हटकलं. "कुणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "समुद्राकडे." त्याला ते पटलं नाही. दहा पावलांवर लाटा फुटत होत्या, मध्ये लोखंडी साखळी. शेवटी वळसा घालून खडकांवरून उतरलो आणि गुडघा सोलून घेतला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोना पावलाजवळच्या वायंगिणीला गेलो. छोटासाच किनारा, पण वाटांच्या भांडणात त्याचं नाव मोठं. तिथे हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन केली, तेव्हा किनाऱ्यावर जायची वाट अडवायची नाही, अशी अट घातली होती. ती पाळली गेली नाही. लोक कोर्टात गेले, वर्षं गेली, आणि २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क मान्य केला. किनारा ही जनतेची ठेव, सरकार फक्त राखणदार, असा त्या निकालाचा सूर. वाटेवरून जाताना उगाचच ताठ चाललो.

मग कदंबाच्या सरकारी बसने वाळपई. बस साखळीवरून जाते. गावाचं नाव साखळी, पण अडवत कुणी नाही!

सत्तरी तालुक्यात काजूच्या बोंडूंचा वास बसमध्येच गाठतो. एप्रिलअखेर, फेणीच्या भाट्या पेटलेल्या, खिडकीतून धूर आत. दीपाजी राण्यांनी १८५२ साली ज्याच्या आधाराने पोर्तुगिजांविरुद्ध बंड पुकारलं, तो नाणूसचा किल्ला इथलाच. तो परतीच्या वाटेवर पाहायचा ठरवून राहूनच गेला. मला शेळ-मेळावली गाठायची होती.

ही जागा २०२१च्या जानेवारीत बातम्यांत होती. आयआयटीसाठी सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन ठरली होती. कागदावर ती सरकारी. प्रत्यक्षात तिथे पिढ्यानपिढ्या काजू लावलेला. मोजणी रोखायला बाया रस्त्यावर आडव्या पडल्या. ६ तारखेला झटापट झाली, अश्रुधूर सुटला. दहा दिवसांच्या आतच प्रकल्प दुसरीकडे नेण्याची घोषणा झाली. आयआयटीशी माझं काही वाकडं नाही, भाचा त्याच परीक्षेमागे रात्री जागवतोय. पण जंगलात पाला, लाकूड, पाणी आणायला जाणाऱ्या वाटा नकाशावर नसतात आणि मोजणीदाराला नकाशाच दिसतो.

गोव्यात 'कसेल त्याची जमीन' ही भाषा नवी नाही. पहिले मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात, १९६४ साली कूळ कायदा आला; १९७६च्या दुरुस्तीने कुळाला मालक मानलं. पण तो तंटा भाटकार, म्हणजे जमीनदार, आणि कुळाचा. इथे सातबाऱ्याला समांतर असलेल्या कागदावर नाव सरकारचंच, मग भांडायचं कुणाशी? माझ्या मते सत्तरीतली खरी मेख हीच आहे, आंदोलन जिंकलं तरी ती निघत नाही.

गावाबाहेरच्या पायवाटेवर एक मावशी बोंडू वेचताना भेटली. कमरेला डालगी, कपाळावर घाम.

"खंयच्यान आयलो?"

"कोल्हापुरातून."

"इतलो पयस? काजू घेवंक?"

नुसता चालायला आलोय म्हटल्यावर ती मनापासून हसली. बी पिळून काढलेला एक पिवळाधमक बोंडू हातात दिला. रस कोपरापर्यंत ओघळला, घसा खवखवला. त्या दिवसांबद्दल विचारलं, तर ती एवढंच म्हणाली की तेव्हा स्वयंपाक कुणाच्याच घरात वेळेवर झाला नाही.

पुढे ओहोळ कुठे लागतो ते विचारलं. तिने हाताने दाखवलं, सरळ तिच्याच बागेतून. मध्ये बांबूचं बेडं होतं. मी घुटमळलो.

"वच मरे," ती म्हणाली. "मागीर लाय मात, ना तर गोरवां रिगतात."

मी आत शिरलो, बांबू पुन्हा खोबणीत बसवला आणि ओहोळाकडे उतरलो.