दहा मेचा खिळा

सॉल्ट लेकमधल्या आमच्या मंडळात गणपतीला दोनशे पानं उठतात. दहा मेला, अमेरिकेच्या आरपार जाणारी पहिली रेल्वे जिथे जोडली गेली त्या प्रोमॉन्टरीला, दरवर्षीच्या सोहळ्याला यायचं म्हटलं की मात्र सगळ्यांकडे नेमके पाहुणे येतात! यंदा आम्ही अकराजणच. असो.

ब्रिगहॅम सिटी मागे पडली की झाड म्हणून दिसत नाही, नुसती करडी झुडपं. या माळावर १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून युनियन पॅसिफिकचे आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिकचे रूळ भेटले.

झेंडे, राष्ट्रगीत, पाहुणे नेहमीप्रमाणे. मग उंच टोप्यावाले सोन्याचा खिळा ठोकल्याचं नाटक करतात. १८६९लाही तो नुसता टेकवलाच होता. लॉरेलच्या लाकडाच्या स्लीपरला भोकं आधीच पाडलेली. सोहळा उरकताच दोन्ही काढून साधा स्लीपर बसवला. शेवटच्या लोखंडी खिळ्यावर सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष स्टॅनफर्डसाहेबांचा घाव हुकला म्हणतात, तरी तारेवर निरोप गेलाच, 'झालं'. शेवटी लाकडावर चालणारं ज्युपिटर आणि कोळशावर चालणारं ११९, तेव्हाची ही दोन इंजिनं, दोन्ही १९७९ साली नव्याने घडवलेली, समोरासमोर शिट्ट्या देतात.

मी वाट बघते ती सेंट्रल पॅसिफिकचे रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांच्या वंशजांपैकी कुणी बोलायला उभं राहतंय का, याची. २०१९ला, दीडशेव्या वर्षी, कॉनी यंग यू आपल्या पणजोबांबद्दल बोलल्या. १९६९च्या शताब्दीला चिनी प्रतिनिधीचं ठरलेलं भाषण गळलं होतं. आपल्याकडे याला 'वेळेअभावी' म्हणतात. २८ एप्रिल १८६९ला एका दिवसात दहा मैल रूळ पडले. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांची नावं नोंदलेली आहेत. त्यांच्याबरोबर राबलेल्या चिन्यांची नाहीत. माझे आजोबा भुसावळकडे गँगमन होते. सुट्टीतसुद्धा त्यांच्या हाताला पहारीचा घट्टा असायचा. असं भाषण सुरू झालं की मी गॉगल काढत नाही.

मदतीला आलेल्यांची नावं घेत नाही, एक राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं. पण व्हॅन चालवणारे काका, पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या लाटणाऱ्या दोघी वहिनी, पाण्याचे खोके उचलणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांसाठी टोप्या आणणाऱ्या आजी, पंक्चरच्या वेळी जॅक देणारा तो अनोळखी माणूस. ज्यांच्या घरी पाहुणे होते, त्यांनी चिवडा पाठवला, तेही लिहायला हवं. आणि हो, लिंबाचं लोणचं देणाऱ्या काकू. त्यांची बरणी अजून माझ्याकडेच आहे.