किरकोळ वाटलं तरी सांगायचं

शिक्षिका असलेल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, "तिकडे म्हणे रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर हातही ठेवता येत नाही?" तसं अजिबात नाही. मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. मुलांबरोबर थेट काम करणाऱ्या प्रत्येकाला इथे 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' या सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचावाच लागतो. स्पर्शावर सरसकट बंदी घातली तर मुलांना नीट आधार देता येणार नाही, असं याच मार्गदर्शिकेत म्हटलंय. बंधनं आहेत ती वेगळीच. बंद दाराआड एकट्या मुलाबरोबर बसायचं नाही, स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुणा एकाला लाडकं करायचं नाही, कुणाचा पाणउतारा करायचा नाही.

या मार्गदर्शिकेतली सर्वांत मोलाची गोष्ट २०२१मध्ये आली: 'लो-लेव्हल कन्सर्न', म्हणजे किरकोळ वाटणारी शंका. एखाद्या सहकाऱ्याच्या वागण्याने मनात नुसती खुटखुट निर्माण झाली, तरी ती मुख्याध्यापकांपर्यंत किंवा नेमून दिलेल्या व्यक्तीपर्यंत पोचवायची. पुरावा मागत नाहीत, आरोपही धरत नाहीत. लेखी नोंद होते, ती गोपनीय राहते, आणि अशा नोंदी वेळोवेळी एकत्र पाहतात. आपल्याच हातून गैरसमज होईल असं काही घडलं, तर ते स्वतः जाऊन सांगावं असंही शिकवतात. बस चुकली म्हणून एखाद्या मुलीला आपल्या गाडीतून घरी सोडावं लागलं, तर हेतू कितीही चांगला असो, ते लगेच कळवायचं. मला यात अविश्वास दिसत नाही. उलट, प्रामाणिक माणसाला यानेच संरक्षण मिळतं.

नोंदी एकत्र पाहण्याचं महत्त्व या देशाला फार मोठी किंमत मोजून कळलं. ऑगस्ट २००२मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात अनेकदा लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झाले होते, पण नेमणुकीच्या वेळी ही माहिती शाळेपर्यंत पोचलीच नाही. २००४च्या बिचर्ड चौकशी अहवालाने यावर नेमकं बोट ठेवलं. त्यातून मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या छाननीचा २००६चा कायदा आला, आणि नोकरीपूर्वी उमेदवाराच्या गुन्ह्यांच्या नोंदी पाहणारी आजची डीबीएस तपासणीही त्याच वाटेवरची. पण तपासणी मागचं सांगते. उद्याचं कळायला रोज पाहणारे सहकारीच लागतात.

कायद्याचा आणखी एक भाग मला पटतो. इथे संमतीचं वय १६ आहे, तरी शिक्षकाने स्वतःच्या शाळेतल्या १८ वर्षांखालच्या विद्यार्थ्याशी लैंगिक संबंध ठेवला तर संमती असूनही तो गुन्हाच. २०२२मध्ये खेळाचे प्रशिक्षक आणि धार्मिक शिक्षण देणारेही यात आले. संघात कोण खेळणार हे ज्याच्या हातात, त्याला मूल 'नाही' कसं म्हणेल?

आपल्याकडचा २०१२चा पॉक्सो कायदाही कडक आहे. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात बालक, आणि गुन्हा ठाऊक असून न कळवणं हाही गुन्हा. पण गुन्हा घडण्याआधी जे खटकतं ते कुणाला सांगायचं, हे प्रत्येक शाळेत, क्लासमध्ये आणि क्रीडा संकुलात ठरलेलं असायला हवं. "उगाच कुणाचं नाव कशाला घ्या" म्हणून गप्प राहण्यात मुलांना वाचवण्याचा वेळ निघून जातो.

आपल्याबाबत घडलेलं काही मूल सांगू लागलं, की त्याचं पहिलं वाक्य बरेचदा असतं, "कुणाला सांगू नका हं." तेव्हा गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. मी म्हणते, "तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला मला हे एका माणसाला सांगावं लागेल. कुणाला, ते तुला सांगते." मग खोदून विचारायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही. ऐकायचं, मुलाच्याच शब्दांत लिहायचं, आणि त्याच दिवशी सेफगार्डिंग प्रमुखाकडे, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे, द्यायचं.